मदत हवी: थंडी पडल्यापासून गीझरचं पाणी दीड बादलीत संपतंय

लोंढा_पॅसेंजर:
नमस्कार मंडळी. आम्ही खानापूरला राहतो. गीझर १५ लिटरचा, २ किलोवॉटचा, घेऊन तीन वर्षं झाली. मे महिन्यात एकदा तापवला की माझी आणि लेकाची अशा दोन बादल्या आरामात निघायच्या. आता दुसरी बादली अर्धी होते न होते तोच नळाला गार पाणी. पावणेसातला लावला तर सव्वासात झाले तरी दिवा विझत नाही, आणि शाळेची गाडी काही कुणासाठी थांबत नाही. मेस्त्री आला, झाकण न उघडताच "कॉईल गेली" म्हणाला. सासूबाई रोज ऐकवतात, तांब्याचा बंब मोडीत घालू नका म्हटलं होतं. कॉईल खरंच गेली असेल का? नवीन घ्यावा लागेल का? गृहज्योतीचे (कर्नाटक सरकारची मोफत विजेची योजना) महिन्याचे २०० युनिट ओलांडले की सगळं बिल अंगावर येतं, ती भीती वेगळीच.

जुना_वायरमन:
ताई, मेस्त्रीला तूर्त चहा पाजून वाटेला लावा. अशा गीझरात बहुधा एकच कॉईल असते. ती गेली तर पाणी तापणारच नाही. तुमचं तापतंय, फक्त उशिरा. दोन गोष्टी बघून सांगा. पहाटे गच्चीवरच्या टाकीचं पाणी किती गार असतं, आणि त्या वेळी घरात व्होल्टेज किती येतं. फ्रीजच्या स्टॅबिलायझरवर आकडा दिसत असेल बघा.

लोंढा_पॅसेंजर:
लेकाच्या माशांच्या टाकीतला थर्मामीटर काढून बघितलं (मासे रागावलेत). पाणी १७ अंश. स्टॅबिलायझरवर साडेपाचला २२५ होतं, पावणेसातला १९०!

जुना_वायरमन:
मग झालं की. गीझर ६० अंशांवर बंद होतो असं धरू. आपण ते पाणी तसंच अंगावर घेत नाही, गार मिसळून ४० वर आणतो. मे महिन्यात टाकीचं पाणी २७ अंश असेल तर १५ लिटरचं ३८ लिटर होतं, म्हणजे दोन बादल्या. १७ अंशांचं पाणी मिसळलं की २८ लिटरच. तुमची दीड बादली ती हीच. गीझर तेवढाच तापवतोय, मिसळायचं पाणी गार झालंय.

आता वेळ. २७ वरून ६० ला सतरा मिनिटं लागतात, १७ वरून बावीस-तेवीस. त्यात व्होल्टेज २३० ऐवजी १९० म्हणजे २ किलोवॉटची कॉईल जेमतेम १.३६ किलोवॉट देते, कारण ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात उतरते. मग तेहतीस मिनिटं. सगळी गल्ली एकाच वेळी गीझर लावते, दुसरं काय होणार? साडेपाचला लावा. गीझरच्या टाकीभोवती उबेसाठी फोम असतो, अर्ध्या-पाऊण तासात फारसं निवत नाही.

युनिटचं म्हणाल तर एका भरणीला मे मध्ये ०.५७ आणि आता ०.७५. दिवसाला चार भरण्या धरल्या तर महिन्याला वीसेक युनिट जास्त.

निपाणी_नाका:
बोअर आहे का तुमच्याकडे? आमच्याकडे थंडीत पहाटे बोअर चालू करून ताजं पाणी थेट न्हाणीत घेतो. जमिनीतलं पाणी टाकीसारखं रात्रभर थंडी खात नाही. आजी म्हणायची, हिवाळ्यात विहिरीला वाफ येते. एक मात्र, बोअरच्या पाण्याला क्षार. आमच्या कॉईलवर दोन वर्षांत बोटभर पांढरा थर बसला होता. तो बसला की गीझर कुरकुर आवाज करतो.

कुंदा_पावकिलो:
एवढं गणित कशाला! गॅस गीझर बसवा, बटण दाबलं की गरम.

जुना_वायरमन:
न्हाणीच्या आत अजिबात नको. थंडीत खिडकी लावून घेतो आपण, आणि जळायला हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड होतो. त्याला वास नाही, माणूस बेशुद्ध पडेपर्यंत कळत नाही. बसवायचाच तर बाहेर बसवा.

आणि ताई, थर्मोस्टॅट ७५ वर फिरवायचा मोह होईल. तसं केलं तर बादल्या वाढतील, पण क्षारही जोरात बसेल. झाकण स्वतः उघडू नका. वर्षातून एकदा मेन बंद करून जाणकाराकडून साफ करून घ्या, आणि तेव्हाच आतली मॅग्नेशियमची कांडी बघायला सांगा. ती झिजून संपली की टाकीच गंजायला लागते.

लोंढा_पॅसेंजर:
चार दिवस साडेपाचला लावतेय. पंचवीस मिनिटांत दिवा विझतो. बोअर आहे, पण मोटार सुरू केली की शेजारच्या काकू उठतात, तेव्हा ते रविवारीच. दुसरी बादली अजून काठोकाठ होत नाही, म्हणून लेकाला आधी पाठवते. सासूबाईंना गणित सांगितलं. त्या म्हणाल्या, बंबाला व्होल्टेज लागत नव्हतं. कुरकुर मात्र आमचाही करतो बरं का, मला वाटायचं तसाच असतो. बेळगावात क्षार साफ करणारं कुणी माहीत असेल तर निरोप पाठवा.