विषय: संक्रांतीचे उरलेले पैसे आणि राष्ट्रीय उद्यानं

प्रेषक: वैशाली

सर्वांना नमस्कार, तिळगूळ घ्या, गोड बोला.

अमेरिकेतल्या आपल्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाचा हिशेब झाला. हॉलचं भाडं, जेवण, वाण सगळं देऊन २,१४० डॉलर उरलेत. या वर्षी ते राष्ट्रीय उद्यानांसाठी द्यायचे, इथपर्यंत कार्यकारिणीचं एकमत आहे. मुलांच्या कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी उद्यानातल्या कॅम्पवरूनच ही कल्पना निघाली. पुढे मात्र दोन तट पडलेत. निम्मे म्हणतात योसेमिटीला द्या. निम्मे म्हणतात, आपण बहुतेक सगळे नाशिकचे, मग तिकडच्या जंगलाला का नाही? श्रीकांतकाकांना करातलं कळतं आणि मेधाताई सध्या नाशिकलाच आहेत. दोघांनी जरा सांगा.

प्रेषक: श्रीकांत

वैशाली, आधी इथलं सांगतो. सगळ्या उद्यानांसाठी मिळून नॅशनल पार्क फाउंडेशन आहे. अमेरिकी संसदेने १९६७ मध्ये कायदा करून ते स्थापलं. एकाच उद्यानाला द्यायचं असेल तर मोठ्या उद्यानांच्या आपापल्या सहयोगी संस्था असतात, योसेमिटीची योसेमिटी कॉन्झर्व्हन्सी. दान म्हणजे दानपेटीतली चिल्लर, असं समजू नका. वायोमिंगमधल्या ग्रँड टीटन डोंगरांच्या पायथ्याची हजारो एकर जमीन तेलसम्राट रॉकफेलरच्या मुलाने, धाकट्या रॉकफेलरने, आपलं नाव पुढे न करता विकत घेतली आणि १९४९ मध्ये सरकारला देऊन टाकली. आज आपण तिथे उभं राहून फोटो काढतो.

मंडळाच्या चेकशिवाय कोणाला घरचं द्यायचं असेल, तर आधी आपल्या कंपनीत विचारा. बऱ्याच कंपन्या आपण देऊ तेवढीच भर घालतात आणि आपले लोक नेमकं हेच विसरतात. वर्षापेक्षा जास्त ठेवलेले, भाव चढलेले शेअर असतील तर विकून पैसे देऊ नका, शेअरच द्या. नफ्यावरचा कर वाचतो. साडेसत्तरी ओलांडलेल्यांना निवृत्तीच्या बचतीच्या आयआरए खात्यातून थेट संस्थेला रक्कम देता येते, ती उत्पन्नात धरत नाहीत. मी गेली दोन वर्षं असंच देतोय.

एक मात्र लक्षात ठेवा. भारतातल्या संस्थेला थेट दिलेल्या पैशांवर इथे करसवलत मिळत नाही. तिकडचे नियम मेधा सांगेल.

प्रेषक: मेधा

काका, वैशाली, उत्तराला उशीर झाला. मामाकडे निफाडला होते, तिथे रेंज धड नाही.

आपल्या नाशिक जिल्ह्यात राष्ट्रीय उद्यान एकही नाही. राज्यात सहा आहेत, १९५५ चं ताडोबा सगळ्यात जुनं. आपल्याकडे आहे ते नांदूर मध्यमेश्वरचं अभयारण्य. गोदावरी आणि कादवा मिळतात तिथे इंग्रजांच्या काळात बंधारा बांधला. वर्षानुवर्षं गाळ साचत गेला, गाळाची बेटं झाली, बेटांवर झाडोरा आला आणि मागोमाग पक्षी आले. १९८६ मध्ये अभयारण्य झालं. राज्यातलं पहिलं रामसर स्थळही, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागाही, हेच.

परवा पहाटे चापडगावच्या मनोऱ्यावर गेले होते. थंडीने बोटं वळत नव्हती. धुकं वर सरकलं तसे आधी वारकरी पक्षी दिसले, काळे कुळकुळीत, कपाळ पांढरं. मग हळदी-कुंकू बदकं. चोचीच्या टोकाला पिवळं, मुळाशी तांबडा ठिपका, अगदी सवाष्णीला बोट लावावं तसं. आपल्या हळदीकुंकवाचे पैसे आणि समोर ही बदकं, मला भरून आलं. गावातलाच एक मुलगा गाईड होता, तोच स्कोप लावून दाखवत होता. त्या स्कोपच्या तिपाईचा एक पाय सुतळीने बांधलेला होता. असल्या तिपाईला कोणी देणगी देत नाही, कारण तिच्यावर पाटी लावता येत नाही.

दुसरं, बिबट्या. तो अभयारण्याच्या हद्दीत बसून राहत नाही, उसात राहतो, उसातच पिल्लं घालतो. मामाच्या शेजारच्या मळ्यात मागच्या महिन्यात एक मादी विहिरीत पडली. विहीर जमिनीसरशी, कठडा नाही, कडेला गवत. रात्री कुत्र्यामागे धावताना गेली असावी. सकाळी मोटर चालू करायला आलेल्या गड्याला गुरगुर ऐकू आली. वनखात्याची माणसं येईपर्यंत मामाने आणि पोरांनी बाजेच्या चारी कोपऱ्यांना दोर बांधून ती खाली सोडली. मादी बाजेवर चढून बसली, गारठलेली, कान मागे, आणि तासभर कोणाकडे बघितलंसुद्धा नाही. मग पिंजरा उतरवून तिला काढलं. त्या विहिरीला कठडा म्हणजे दोन दिवसांचं गवंडीकाम. त्याने बिबट्या वाचतो आणि माणसाचं पोरही वाचतं. म्हणून जंगलासाठी देणगी म्हणताना मला आता आधी विहीर दिसते.

आता पैशांचं. इथे सगळं पासपोर्टवर आहे. भारतीय पासपोर्ट असलेल्यांनी स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेले पैसे परदेशी देणगीत मोडत नाहीत, कुठल्याही नोंदणीकृत संस्थेला चालतात. ओसीआय कार्डवाले, म्हणजे परदेशी पासपोर्ट घेतलेले आपले लोक, मात्र परकीय नागरिक ठरतात. आपलं मंडळही परदेशीच. या दोघांचे पैसे फक्त एफसीआरए, म्हणजे परकीय देणगी कायद्याखालची, नोंदणी असलेल्या संस्थेला घेता येतात, तेही स्टेट बँकेच्या दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यात. शिवाय २०२० च्या दुरुस्तीनंतर त्या संस्थेला ते पैसे पुढे दुसऱ्या संस्थेला देता येत नाहीत. म्हणजे मोठ्या संस्थेला पाठवू, ती निफाडच्या लहान गटाला देईल, हा रस्ता बंद आहे. इकडे घरभाड्याचं उत्पन्न असलेल्यांना देणगीवरची ८०जी ची करसवलत जुन्या करपद्धतीतच मिळते. रोख दोन हजारांवर देऊ नका आणि संस्थेकडून देणगीचं प्रमाणपत्र मागून घ्या.

वाघांसाठीच द्यायचं असेल तर प्रत्येक व्याघ्र प्रकल्पाचं स्वतःचं प्रतिष्ठान असतं, वन्यजीव कायद्यातच तशी तरतूद आहे. बोरिवलीच्या उद्यानात पिंजऱ्यातला प्राणी वर्षभरासाठी दत्तक घेता येतो, पैसे त्याच्या खाण्याला आणि औषधाला जातात. मुलांना ते फार आवडेल. मला विचाराल तर मोकळ्या बिबट्याची विहीर आधी.

माझं म्हणणं, मंडळाचा चेक योसेमिटीलाच द्या. मुलं तिथल्या वाटांवर चालली आहेत आणि काकांनी सांगितलेली सगळी सोय तिथे आहे. नाशिकसाठी आपण भारतीय पासपोर्टवाले आपापल्या खिशातून देऊ, आणि एकदाच नाही, दर संक्रांतीला.

प्रेषक: श्रीकांत

मेधा, पटलं. माझा पासपोर्ट तिकडचा राहिला नाही, याचं आज पहिल्यांदा वाईट वाटलं. पण नाशिकला माझा धाकटा भाऊ आहे, त्याच्या मनात आलं तर तो स्वतःचे देईल, मी त्याच्याशी बोलतो. मामांना विचारशील का, गावात बिनकठड्याच्या विहिरी किती?

प्रेषक: मेधा

काका, मामाने आज सकाळी मोटरसायकलवर फिरून वहीत नोंद केली. चौदा आहेत. त्यातल्या दोन शाळेच्या वाटेवर. तिपाईचं मी बघते, कॉलेज रोडला उद्या जातेच आहे.