स्टाइल लावून वाजवणे हे वादन नव्हे?

वाशीचा तबलजी
आमच्या सोसायटीच्या गणेशोत्सवात एका मुलीने कीबोर्डवर भजन वाजवले. डाव्या हाताचे एक बोट टेकवले की ढोलक, बेस आणि गिटार आपोआप सुरू होत होते. टाळ्या तिला मिळाल्या, पण वाजवत होते यंत्र. ठाणे आणि नवी मुंबईतील क्लासचालकांनी आपोआप साथ वाजवणाऱ्या या ‘स्टाइल’चे बटण विद्यार्थ्यांना वर्ज्य करावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

नौपाड्यातील शिक्षिका
हे वाचून स्वस्थ बसवले नाही, म्हणून सविस्तर लिहिते. यंत्र आपणहून कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारा स्वरांचा गट, निवडत नाही. ती वाजवणाऱ्याचा डावा हात निवडतो, आणि चुकीची निवडली तर सगळा वाद्यमेळ एका सुरात चुकतो. यामाहावर सिंगल फिंगर पद्धतीत मूळ पट्टीबरोबर तिच्या डावीकडची काळी पट्टी दाबली की मायनर लागते आणि डावीकडची पांढरी दाबली की सेव्हन्थ. एवढे हाताला बसवण्यातच सुरुवातीच्या मुलांचे बरेच तास जातात. पुढे तीन बोटांची पूर्ण कॉर्ड घ्यायला लावली की स्वरसंगतीचा खरा अभ्यास सुरू होतो.

भूपातली बंदिश घेऊन बसा. पांढरी एकचा सा धरला, तर सा-ग-पची कॉर्ड चालते आणि ध-सा-गची मायनरही चालते. पण सवयीने एफ मेजर दाबली की मध्यम शिरतो, जी मेजर दाबली की निषाद शिरतो, आणि भूपात हे दोन्ही स्वर वर्ज्य आहेत. माझ्या वर्गात मुले हे कानाने पकडतात, कारण यंत्र तो वर्ज्य स्वर बेसवर आणि गिटारवर एकदम मोठ्याने ऐकवते. बटण बंद ठेवून हे शिक्षण होणार नाही.

वाशीचा तबलजी
ताई, कॉर्डचे मान्य. तालाचे काय? सहा मात्रांच्या दादऱ्याच्या गीताला सर्रास वॉल्ट्झची, म्हणजे तीन ठोक्यांच्या पाश्चात्त्य नृत्याची, स्टाइल लावली जाते. तीत दर तीन मात्रांनी तोच ठोका पडतो, त्यामुळे चौथ्या मात्रेवरची खाली, म्हणजे टाळी न देता हात मोकळा सोडण्याची जागा, नाहीशी होते. रूपकाच्या सात मात्रा चारच्या साच्यात बसत नाहीत, आणि रूपकात तर पहिलीच मात्रा खालीची. गाणाऱ्याने एखाद्या अक्षरावर थांबायचे ठरवले तर तबलजी त्याच्यासाठी थांबतो. यंत्र पुढे निघून जाते. मुलांना सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, कळेनाशी झाली आहे, आणि त्याची जबाबदारी कोणी घेत नाही.

शिवाय एक गोष्ट आपण सोयीस्करपणे टाळली. वाढदिवस, हळदीकुंकू, ज्येष्ठ नागरिक संघाचा कार्यक्रम अशा ठिकाणी पूर्वी आम्हा दोघातिघांना बोलावणे असे. आधी ऑक्टोपॅड (काठ्यांनी वाजवायचे इलेक्ट्रॉनिक तालवाद्य) आला, मग स्टाइलचा कीबोर्ड, आता कराओकेचा ट्रॅक. आमच्या मानधनाबद्दल एक शब्दही न काढता आपण स्वरसंगतीवर बोलता, याची चीड येते.

खारघरचे पालक
माझा मुलगा लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या इलेक्ट्रॉनिक कीबोर्डच्या परीक्षा देतो. तिथे स्टाइलसह वादन हा परीक्षेचाच भाग आहे. स्टाइलचे इंट्रो (सुरुवात), फिल-इन (मधली भर) आणि एंडिंग (शेवट) नेमक्या जागी यावे लागतात. क्लासने बटण बंद केले तर त्याने परीक्षा कशी द्यायची? आणि मानधनाचा विषय निघालाच आहे, तर सोसायटीची वर्गणी कशी जमते हेही पाहावे. मंडप आणि विसर्जनाचा खर्च भागवून कलावंतांसाठी जे उरते, त्यात यायला कोणी तयार होत नाही.

वाशीचा तबलजी
डीजेला पैसे असतात, तबल्याला नसतात. हे ठाणे काय आणि नेरूळ काय, सगळीकडे सारखे आहे, आणि ते मला वर्गणीचा हिशेब दाखवून समजावू नये.

तलावपाळीचा पेटीवाला
वाद तापला आहे म्हणून आठवण करून देतो. आकाशवाणीने 1940 ते 1971 हार्मोनियम वर्ज्य ठेवली होती. मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे) निघत नाही, श्रुती (सूक्ष्म स्वरभेद) साधत नाहीत, हे आक्षेप खरेच होते. तरीही आज गडकरी रंगायतनातल्या नाट्यसंगीताच्या कार्यक्रमात पेटीवाचून कोणाचे पान हलत नाही. बंदीने वाद्य सुधारले नाही. मोठ्या वादकांनी ते कसे वाजवावे हे दाखवून दिले.

वाशीचा तबलजी
हा दाखला लागू पडत नाही. पेटी वाजवायला माणूस बसतो आणि तो गायकाचे ऐकून वाजवतो. पेटीने साथीदाराला उठवले नाही, आणि माझा आक्षेप तेवढाच आहे.

नौपाड्यातील शिक्षिका
साथीदार उठतो, हे आपले म्हणणे मला मान्य करावे लागते, आणि ते मी आनंदाने करत नाही. परंतु त्याची शिक्षा शिकणाऱ्या मुलांना का? माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक मुलांच्या घरी तालाची साथ करणारे कोणी नाही. भारतीय बाजारासाठीच्या यामाहा पीएसआर-आय मॉडेलांमध्ये तबला-तानपुऱ्याची रियाजाची सोय आहे. ती लावून मी आधी हाताने टाळी-खाली धरायला लावते, मगच पट्ट्यांना हात. वॉल्ट्झ लावून दादरा वाजवू देणारा शिक्षक दोषी आहे, हे मी आपल्याइतक्याच जोराने म्हणेन.

वाशीचा तबलजी
घरच्या सरावापुरते चालेल, यापुढे मी एक पाऊलही सरकणार नाही. रंगमंचावर मात्र विद्यार्थ्याने किमान एक रचना जिवंत तबल्याबरोबर, स्टाइल बंद करून वाजवावी, आणि तबलजीला नारळाऐवजी पाकीट द्यावे.

नौपाड्यातील शिक्षिका
दिवाळीनंतर वर्गाचा वार्षिक कार्यक्रम आहे. एक रचना रूपकात ठेवते. तालमीला दोनदा यावे लागेल, आणि दोन्ही तालमींचे मानधन वेगळे मिळेल.

खारघरचे पालक
तालमी रविवारी सकाळी ठेवाव्यात. इतर दिवशी परीक्षेचा सराव बुडतो.