मदत हवी आहे: टॉवरवरचा जुना १५ केव्हीए डीजी (डिझेल जनरेटर), बल्क कूलर सुरू होताना दबतोय

नमस्कार मंडळी,

अकोले तालुक्यात आमचं दूध संकलन केंद्र आहे. दूध थंड करणारा १००० लिटरचा बल्क कूलर, त्याला ५ एचपीचा थ्री फेज स्क्रोल कॉम्प्रेसर. पावसाळ्यात लाईनवर झाड पडलं की वीज कधी येईल याचा भरवसा नसतो. नुकतं काढलेलं दूध वेळेत ४ अंशांवर आलं नाही की आंबटपणा वाढतो आणि टँकरवाला ते घेत नाही. फटका बसतो तो दोन-तीन गाईंवर घर चालवणाऱ्यांना. म्हणून लिलावात निघालेला मोबाईल टॉवरचा थ्री फेज सेट घेतला.

टाकीच्या तळाशी पाणी आणि काळा गाळ होता, तो काढून टाकी धुतली. ऑइल, ऑइल फिल्टर, कूलंट नवीन टाकलं. डिझेल फिल्टर संगमनेरहून मागवलाय, तोवर जुनाच आहे. एव्हीआरच्या (व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या कार्डाच्या) वायरी सोडवून अल्टरनेटरला ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावला, वाइंडिंग चांगलं निघालं. न्यूट्रलला दोन आणि बॉडीला दोन, असे वेगवेगळे अर्थिंग केलेत. चेंजओव्हर (लाईन की सेट हे निवडायचा स्विच) चार पोलचा, म्हणजे न्यूट्रलही तोडणारा बसवलाय. आपल्या सेटची वीज उलटी लाईनवर गेली तर खांबावर चढलेल्या वायरमनच्या जिवाशी गाठ, तिथे तडजोड करायचीच नव्हती.

आता अडचण. नो लोडला ४१५ व्होल्ट, ५२ हर्ट्झ. प्रत्येक फेजवर २ किलोवॅटचा हीटर पाण्यात सोडून अर्धा तास चालवला: ५१ हर्ट्झ, व्होल्टेज जागचं हललं नाही. पण कॉम्प्रेसर टाकला की इंजिन दबतं, हर्ट्झ ४५ च्या खाली जातात, व्होल्टेज २९० पर्यंत येतं आणि कॉन्टॅक्टर (मोटरला वीज जोडणारा स्विच) धडधडून सुटतो. काळा धूर जवळजवळ नाहीच.

मेकॅनिक म्हणतो एव्हीआर बदला. इलेक्ट्रिशियन म्हणतो सेटच लहान पडतोय, सॉफ्ट स्टार्टर (मोटर हळूहळू सुरू करणारं उपकरण) लावा. दोन्ही खर्च एकदम झेपणारे नाहीत. आधी काय तपासू? असा लोड चालवणाऱ्यांनी कृपया सांगा.

प्रतिसाद:

दादा, एव्हीआरला एवढ्यात हात लावू नका. हर्ट्झ पडले की बहुतेक एव्हीआर मुद्दाम व्होल्टेज खाली घेतात, इंजिनावरचा भार कमी व्हावा म्हणून. तुमच्याकडे आधी हर्ट्झ पडताहेत, म्हणजे दुखणं इंजिनाकडे आहे. दबूनही काळा धूर नाही, याचा अर्थ डिझेल पुरेसं पोचत नाही. गाळ निघालेल्या टाकीवर जुना फिल्टर, पहिला संशय तिथेच. नवा टाका, टाकीतून येणारा पाइप फुंकून साफ करा आणि ब्लीडिंग स्क्रू सोडून बुडबुडे थांबेपर्यंत हवा काढा.

मग हीटरची टेस्ट पुन्हा घ्या, पण पूर्ण लोडवर. १५ केव्हीए म्हणजे ०.८ पॉवर फॅक्टरला १२ किलोवॅट. तुम्ही निम्म्यावरच थांबलात. १२ ला हर्ट्झ ५० च्या आसपास टिकले तर इंजिन ठणठणीत. टिकले नाहीत तर डिझेलचे नोझल आणि पंप कॅलिब्रेशनला (तपासून जुळवायला) द्या.

इलेक्ट्रिशियनचंही अगदीच चूक नाही. ५ एचपीची मोटर चालू असताना साधारण ७.५ अँपिअर घेते, पण थेट सुरू होताना सहापट, म्हणजे ४५ च्या घरात. सेटचा रेटेड करंट २१. क्षणभर व्होल्टेज बसणारच, पण निरोगी सेट तेवढ्यातून सावरतो. पूर्ण लोडची टेस्ट पास होऊनही कॉन्टॅक्टर सुटला, तरच सॉफ्ट स्टार्टर घ्या, तोही कॉम्प्रेसर कंपनीला विचारून.

डीजीचा फेज सीक्वेन्स (तीन फेजचा क्रम) लाईनशी जुळतो का, हे कॉम्प्रेसर पुन्हा टाकण्याआधी सीक्वेन्स मीटरने बघाच. क्रम चुकला की मोटर उलटी फिरते, आणि स्क्रोल उलटा फिरला तर खडखडतो, दूध थंड करत नाही आणि तसाच चालू ठेवला तर जातो. वीज गेल्यावर लगेच कॉम्प्रेसर टाकू नका. कॉम्प्रेसरच्या दोन्ही बाजूंना गॅसचं प्रेशर सारखं व्हायला तीन-चार मिनिटं द्या, टायमर लावला तर उत्तम. १२ किलोवॅटला हर्ट्झ किती आले ते इथे लिहा, मग पुढचं बघू.