मंडळी गात का नाहीत? फुटबॉलच्या चाहत्यांकडून काय घ्यावं?

प्रश्न: चर्चच्या उपासनेत गायनमंडळ गातं, मंडळी (म्हणजे जमलेले भाविक) नुसते ओठ हलवते. तिकडे जर्मनीत डॉर्टमुंडच्या फुटबॉल स्टेडियमच्या दक्षिण स्टँडमध्ये सुमारे 25,000 जण उभ्याने एका सुरात गातात. त्यातलं नेमकं काय उचलता येईल?

उत्तर १: आधी पट्टी तपासा. स्टँडमधली बरीच गाणी पाच-सहा सुरांतच फिरतात. आपली अनेक गीतं चार आवाजांच्या गायनमंडळासाठी बसवलेली असतात. चाल वरच्या पांढरी दोनच्या (D) पुढे गेली की निम्मे लोक गप्प होतात, म्हणून पट्टी एक-दोन स्वरांनी उतरवा. शेवटच्या कडव्याला वाद्यं पूर्ण थांबवा. शेजाऱ्याचा आवाज कानावर आला की माणूस मोकळा गातो.

उत्तर २: पट्टीइतकीच बसण्याची जागा महत्त्वाची. दोनशेंच्या जागेत चाळीस जण विखुरले तर प्रत्येकाला आपण एकटेच गातोय असं वाटतं. मागचे बाक दोरी लावून बंद ठेवा. जर्मनीत ‘कापो’, म्हणजे चाहत्यांचा म्होरक्या, मैदानाकडे पाठ करून लोकांना सुरुवात करून देतो. आपला माईकवरचा गायक मात्र मंडळीचा आवाज बुडवतो. पहिली ओळ झाली की त्याने माईकपासून दूर व्हावं.

उत्तर ३: हे मूळचं चर्चचंच आहे! इंग्लंडमधल्या एफए कप या फुटबॉल स्पर्धेच्या फायनलआधी 1927 पासून ‘अबाइड विथ मी’ हे ख्रिस्ती गीत गायलं जातं. चाहत्यांना शब्द पाठ असतात, कारण गाणी दर आठवड्याला बदलत नाहीत. एक नवं गीत सलग चार रविवार ठेवा. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांचे अभंग घ्या, टाळ धरा, ध्रुवपद मंडळीकडे सोपवा.