मदत हवी आहे: बाबांची शुगर उतरत नाही आणि हिरड्यांतून रक्त येतं. दोन्हींचा संबंध असेल का?

मानेवाडाकर:
बाबा 62 वर्षांचे. मधुमेह 11 वर्षांपासून, बीपी आहे, 3 वर्षांपूर्वी स्टेंट टाकला. गोळ्या: मेटफॉर्मिन 1000 दोनदा, ग्लिमेपिराइड 2 सकाळी, अम्लोडिपिन 5, अ‍ॅस्पिरिन 75. एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी तपासणी) एप्रिलमध्ये 8.1 होतं, आता 8.9. जेवण तेच, गोळ्या चुकत नाहीत. ब्रश करताना रक्त येतं, सकाळी उशीच्या अभ्र्यावर लालसर डाग असतो, खालचे पुढचे दोन दात हलतात. खर्रा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण) दिवसाला दोन पुड्या. "दुखत तर नाही" म्हणून दाखवायला तयार नाहीत. अ‍ॅस्पिरिन बंद करून न्यावं लागेल का?

शलाका:
भाऊ, संबंध आहे, आणि तो दोन्ही बाजूंनी आहे. शुगर जास्त असली की हिरड्यांचा संसर्ग बळावतो. तो संसर्ग मुरला की शरीरात सतत दाह राहतो आणि इन्सुलिनचा असर कमी होतो. दुखत नाही यावर जाऊ नका, हिरड्यांचा हा आजार बहुतेक वेळा न दुखताच हाड खातो.

निरोगी हिरडी आणि दात यांतली फट 1 ते 3 मिलिमीटर असते. 4 च्या पुढे गेली की तिला पॉकेट म्हणतात, आणि तिथं ब्रश पोचत नाही. बऱ्याच दातांना अशी पॉकेट्स असली तर आतला सुजलेला भाग एकत्र मिळून 8 ते 20 चौरस सेंटीमीटर भरतो. आगपेटीच्या वरच्या बाजूएवढी जखम पायावर असती तर आपण एक दिवस थांबलो नसतो.

म्हणून नुसती वरवरची सफाई करून परत येऊ नका. प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी पॉकेट मोजून तक्ता करायला सांगा, हाड किती उरलंय ते एक्स-रेत बघतील. मग डीप क्लीनिंग, म्हणजे हिरडीखाली मुळावर बसलेलं कीटण काढणं. मेडिकल स्टोअरमधून अँटिबायोटिक आणून खाऊ घालू नका. कीटण आत असेपर्यंत त्या गोळीनं आजार जात नाही.

गोळीवाला:
अ‍ॅस्पिरिन स्वतःहून अजिबात बंद करू नका. एका अ‍ॅस्पिरिनवर सफाई होते, रक्त थोडा जास्त वेळ येतं आणि गॉज दाबून धरला की थांबतं. स्टेंटवाल्याची गोळी थांबवणं त्याहून कितीतरी धोक्याचं. आधी अँटिबायोटिक द्यावं लागतं ते कृत्रिम झडप बसवलेल्यांना किंवा पूर्वी हृदयाच्या आतल्या अस्तराचा संसर्ग झालेल्यांना. नुसत्या स्टेंटसाठी नाही.

यादीतली अम्लोडिपिन मात्र दाताच्या डॉक्टरांना मुद्दाम दाखवा. काही जणांत तिनं हिरड्या फुगून दातांवर चढतात आणि खाली घाण साचते. तसं दिसलं तर बीपीच्या डॉक्टरांशी बोलून गोळी बदलता येते.

वैदर्भीय:
खर्ऱ्याबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. निकोटिननं हिरडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे लाली आणि रक्त कमी दिसतं. म्हणजे दिसतोय त्यापेक्षा आजार खोल असण्याची शक्यता धरा. खर्रा चालू राहिला तर सफाईनंतर हिरडी नीट भरत नाही. आजच घरी बघा: बाबांची स्वतःची तीन बोटं उभी धरून वरच्या-खालच्या दातांमध्ये जातात का? जात नसतील, गालाच्या आत पांढरट कडक पट्टे लागत असतील किंवा तिखट सोसत नसेल, तर ते सुपारीनं होतं. तोंडाची ही तपासणीही त्याच वेळी सांगून करून घ्या. नागपुरात मेडिकल कॉलेजच्या आवारातल्या शासकीय दंत महाविद्यालयात हिरड्यांचा विभाग वेगळा आहे, तिथं दोन्ही होईल.

मानेवाडाकर:
तीन बोटं जात नाहीत, दोनच जातात. उद्याच नेतो. उपाशी न्यायचं का? आणि सफाईनं दात आणखी ढिले होतात म्हणतात, त्याचं काय?

शलाका:
उपाशी मुळीच नाही. ग्लिमेपिराइड घेऊन न्याहारी चुकली तर खुर्चीतच शुगर फार खाली जाऊ शकते. न्याहारी, गोळ्या, मग सकाळचाच नंबर. खिशात ग्लुकोज आणि सगळे रिपोर्ट असू द्या. तोंड दोनच बोटं उघडतं हे काउंटरवरच सांगा. सुई द्यायला आणि मागच्या दातांपर्यंत पोचायला त्यानं अडचण होते.

सफाईनं दात ढिले होत नाहीत. कीटण फटीत सिमेंटसारखं बसलेलं असतं, ते निघालं की आधीच गेलेल्या हाडाची जागा उघडी पडते. सूज ओसरली की हिरडी थोडी खाली बसते, गार पाणी काही आठवडे झिणझिणतं. डॉक्टरांनी गुळण्यांसाठी क्लोरहेक्सिडीन 0.2 टक्के दिलं तर 10 मिली, दिवसातून दोनदा, दोनच आठवडे, पेस्टनंतर अर्ध्या तासानं. जास्त दिवस वापरलं की दात तपकिरी पडतात. ब्रश मऊ, हिरडीच्या कडेला तिरका धरून, फटींत बारीक इंटरडेंटल ब्रश.

एचबीएवनसी तीन महिन्यांनी करा, त्याआधी खरा फरक कळत नाही. सरासरी उतार 0.4 च्या आसपास असतो, म्हणजे 8.9 चं 8.5. तेवढ्यावर गोळ्या कमी करू नका. पॉकेट्स पुन्हा मोजायला 6 ते 8 आठवड्यांनी बोलावतील, ती तारीख चुकवू नका.