अनुभव धागा: धड्यात आपलं घर सापडलं तेव्हा

बालभारतीचं तिसरीचं परिसर अभ्यासाचं पुस्तक जिल्ह्यागणिक वेगळं निघालं, तेव्हा छापील नकाशात आपला तालुका शोधणारी मुलं मी पाहिली आहेत. वरच्या इयत्तांत हा आनंद आटत जातो. तुमच्या अनुभवात धडा आणि मुलाचं जग जुळलं असेल, किंवा जुळवताना बिघडलं असेल, तर जरूर लिहा.

माध्यमिक शिक्षक, रायगड
उधाणाची (अमावस्या-पौर्णिमेची मोठी) आणि भांगाची (अष्टमीच्या सुमाराची लहान) भरती शिकवताना कोळीवाड्यातली मुलं गप्प बसायची. एकाच्या आजोबांना वर्गात बोलावलं. त्यांनी विचारलं, "आज तिथी कुठली?" पंचमी होती. "मग पाचाला पाऊणने गुणा." उत्तर आलं पावणेचार. त्या सुमाराला समुद्र भरणार! मुलं वहीत तिथ्या मांडत सुटली. पौर्णिमेला मात्र हिशेब अडला: पंधरा गुणिले पाऊण म्हणजे सव्वाअकरा, आणि आमच्याकडे पौर्णिमेची भरती बाराच्या आसपास असते. एकाने ४५ मिनिटांऐवजी ४८ घेतली, तेव्हा बरोबर बारा आले. चंद्र रोज उशिरा उगवतो, हे त्या दिवशी मला वेगळं शिकवावं लागलं नाही. आजोबा आता दरवर्षी येतात.

पालक, न्यू जर्सी
लेकाला बेसबॉलचं वेड. मराठी शाळेतल्या बाईंनी सामन्याचं धावतं वर्णन मराठीतून करायला सांगितलं. निबंधाला कंटाळणारा मुलगा आजोबांना फोन करून क्रिकेटमधले शब्द विचारत होता.

जि. प. शिक्षिका, बीड
माझ्या वर्गात ऊसतोड कामगारांची मुलं बरीच. शेकडेवारीला बँकेऐवजी उचल, म्हणजे हंगामाआधी मिळणारी आगाऊ रक्कम, घेतली: एका कोयत्याला (ऊस तोडणाऱ्या नवराबायकोच्या जोडीला) उचल किती, टनाला भाव काय, मजूर पुरवणाऱ्या मुकादमाचं कमिशन किती टक्के, किती टनांनंतर फिटेल. आकडे मुद्दाम काल्पनिक ठेवले. पुढे एका मुलीने घरची वही आणली, आईनेच पाठवलेली. शाळा सुटल्यावर आम्ही दोघींनी तो हिशेब तपासला. दिवाळीच्या सुमारास मुलं आईबापांबरोबर कारखान्याकडे जातात, म्हणून हा धडा मी त्याआधीच घेते.

विद्यार्थिनी, पुणे
माझा अनुभव उलटा आहे. सातवीत 'आमच्या घरचा व्यवसाय' असा प्रकल्प होता आणि तो उभं राहून वाचायचा होता. माझे वडील सफाई कामगार. त्यानंतर वर्गातल्या काहींनी डबा माझ्यापासून लांब नेला. मला तेव्हा ग्रहणांचं प्रचंड वेड होतं, ते कुणी विचारलंच नाही. बीडच्या ताई, तुम्ही वही मागितली नव्हती, ती आपणहून आली. मला हा फरक फार मोठा वाटतो. रायगडचे सर, कोळ्याच्या मुलाला समुद्र नको असेल, तर त्यालाही तसं म्हणता आलं पाहिजे.

जि. प. शिक्षिका, बीड
पटलं, बाळा. आमच्याकडे प्रवेशाच्या वेळी आईवडिलांचं काम सगळ्यांसमोर विचारत असत. मी ते बंद केलं आहे, पालकांशी एकट्यात बोलून रकाना भरते. प्रकल्पाचा विषयही मुलांनीच निवडायचा, असं यंदापासून ठरवलं आहे.