विषय : जुन्या टाइप वन मधुमेहासाठी सांगली-मिरजेत तज्ज्ञ हवा आहे

सप्रेम नमस्कार, मंडळी.

माझी थोरली बहीण तासगावला असते. १९८८ साली, सहावीत असताना तिला टाइप वन मधुमेह झाला आणि तेव्हापासून सांगलीतल्या एकाच डॉक्टरांनी तिला सांभाळले. गेल्या दिवाळीनंतर त्यांनी दवाखाना बंद केला. त्यानंतर ती जिथे जिथे गेली तिथे "शुगरचा पेशंट" म्हणून उतारवयात मधुमेह झालेल्यांच्याच रांगेत तिला बसवले गेले. मागच्या पावसाळ्यात पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेसाठी ती एका रुग्णालयात दाखल झाली, तेव्हा उपाशी राहायचे आहे म्हणून तिचे इन्सुलिनही पूर्ण बंद ठेवले. दुसऱ्या दिवशी उलट्या सुरू झाल्या, लघवीत कीटोन (इन्सुलिन कमी पडले की चरबी जळून तयार होणारी आम्ले) सापडले आणि शस्त्रक्रिया राहिली बाजूलाच.

आता तिला साखर उतरल्याचेही कळेनासे झाले आहे. परवा व्हिडिओ कॉलवर ती चपात्या लाटत बोलत होती. एकच वाक्य तिसऱ्यांदा म्हणाली तेव्हा भाच्याने बोट टोचून पाहिले, तर साखर ५४, म्हणजे आपल्या इथल्या, इंग्लंडमधल्या मापात ३. घाम नाही, थरथर नाही. तिला पुण्याला न्यावे, की इथल्या, लेस्टरच्या एखाद्या डॉक्टरांचा सल्ला घेऊन तिला कळवत राहावे, हे जाणकारांनी सांगावे.

आपला,
लेस्टरचा एक सभासद

---

सप्रेम नमस्कार.

माझ्या पत्नीला टाइप वन होऊन ४१ वर्षे झाली आणि आम्ही वर्षातले पाच महिने मिरजेत असतो, म्हणून लिहितो.

इथल्या डॉक्टरांचा सल्ला फोनवरून पोचवण्याचा विचार आधी सोडून द्या. भारतात २०२० पासून दूरस्थ सल्ल्याचे नियम आहेत, पण ते तिथल्या नोंदणीकृत डॉक्टरांसाठी. शिवाय आपण ५ म्हणतो तेव्हा तिकडे ९० म्हणतात. या मापांच्या घोटाळ्यात आम्ही एकदा सापडलो आहोत. पुण्याला जरूर न्या, पण वर्षातून दोनदा, एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे, म्हणजे मधुमेह व हार्मोनच्या तज्ज्ञाकडे. मधल्या काळातला सल्ला व्हिडिओवर मिळू शकतो. मात्र अडीअडचणीला रात्री अकरा वाजता फोन उचलणारा फिजिशियन सांगली-मिरजेतलाच हवा. मिरज हे वैद्यकीय सोयींचे जुने गाव आहे. तिथे डॉक्टरांची वाण नाही. टाइप वनची सवय असलेला डॉक्टर शोधावा लागतो, एवढेच. पहिल्या भेटीत एकच प्रश्न विचारा : "हिला उपाशी ठेवायचे झाल्यास इन्सुलिनचे काय कराल?" या आजारात शरीर स्वतःचे इन्सुलिन जवळपास बनवतच नाही. त्यामुळे पोटात अन्न नसले तरी दिवसभर पुरणारे इन्सुलिन चालूच ठेवावे लागते. गरज पडल्यास मात्रा कमी करतात, पण बंद करत नाहीत. उत्तर "बंद करू" असे आले, तर नमस्कार करून बाहेर पडा.

साखर उतरल्याचे न कळणे हे इतक्या वर्षांच्या आजारात पुष्कळांना होते. वारंवार साखर उतरत राहिली की शरीर इशारा देणेच सोडते. काही आठवडे ती उतरू न देता काढले, तर तो इशारा काही जणांना परत मिळतो. म्हणून तज्ज्ञांना मात्रेइतकेच हेही विचारा. दंडावर लावायचा, साखर सतत मोजणारा सेन्सर भारतात मिळतो. खर्च मोठा आहे आणि भावंडांनी पैसे घालायचे तर तिथे घालावेत, असे माझे मत आहे. आपण मात्र चॉकलेटे पाठवतो.

तुमच्या ताईंच्या पिढीविषयीही एक गोष्ट लक्षात असू द्या. साखर काटेकोर राखल्यास डोळे, मूत्रपिंड आणि नसा वाचतात, हे अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासातून १९९३ साली सिद्ध झाले. त्याआधीची वर्षे या मुलांनी दिवसाला एक-दोन इंजेक्शनांवर, चाचणीपट्ट्यांविना काढली. म्हणून नवीन डॉक्टरांसमोर "पथ्य पाळले नसेल" हे ऐकून घेण्याचे तिला काही कारण नाही. दरवर्षी डोळ्याच्या पडद्याची तपासणी, मूत्रपिंडांसाठी लघवीतले अल्ब्युमिन व रक्तातले क्रिएटिनिन, आणि तळपायांची संवेदना हे सगळे तारखांसह एका फाइलीत लावा. जुन्या डॉक्टरांकडचे केसपेपर रद्दीत जाण्याआधी भाच्याला पाठवून आणून घ्या.

आता घरातली एक चूक सांगतो. पत्नीचे इन्सुलिन बदलले तेव्हा नवी बाटली एका मिलिलिटरमध्ये १०० युनिटची होती, आणि घरात सिरिंज होत्या जुन्या, ४० युनिटच्या, लाल टोपणाच्या. तिने नेहमीप्रमाणे १० च्या रेघेपर्यंत भरले. शरीरात गेले २५ युनिट. पहाटे तीन वाजता मी तिच्या ओठांवर साखर चोळत बसलो होतो. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालू नये, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. ती वाचली. १०० च्या बाटलीला नारिंगी टोपणाचीच सिरिंज लागते. ताईंच्या घरी कोणत्या आहेत, ते आजच विचारा.

आपला,
मूळचा मिरजकर

---

काका, सादर नमस्कार.

आपले पत्र ताईला वाचून दाखवले. केसपेपर आणायला भाचा शनिवारी जाईल, आणि मिरजेच्या एका फिजिशियनची वेळ गुरुवारी मिळाली आहे. आपला प्रश्न ताई स्वतः विचारणार आहे. ती दीड वर्षापासून इन्सुलिनचे पेन वापरते, त्यामुळे सिरिंजचा प्रश्नच नाही असे मी समजत होतो. तरी विचारले, तर फ्रिजच्या दारात लाल टोपणाच्या सहा सिरिंज निघाल्या. पेन बिघडले तर त्याच्याच कार्ट्रिजमधून ओढून घेता येईल, म्हणून तिने जपून ठेवल्या होत्या. कार्ट्रिज १०० चेच आहे. माझ्यादेखत, फोन चालू ठेवून, भाच्याने त्या मोडून टाकल्या.

आपला,
लेस्टरचा सभासद